रिस्टोअर केलेली पद्मिनी: चार्जिंग आणि ऑइलचे लाल लाइट मधूनच लागतात

नवीजुनी_पद्मिनी: १९८६ ची प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी, अल्टरनेटरवाली (म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र). इंजिनकाम आणि पेंट नुकताच झाला, डॅशचे सगळे बल्ब एलईडी केले. तक्रारी तीन:
गाडी सुरू केली की रेस दिल्याशिवाय चार्जिंगचा लाइट विझत नाही. रात्री हेडलाइट लावले की तोच लाइट मिणमिणतो, आणि इंडिकेटर टाकला की पेट्रोलचा काटा तालावर नाचतो.
दुपारी नागपूरच्या व्हरायटी चौकात सिग्नलला उभं राहिलं की ऑइलचा लाइट लुकलुकतो, रेस दिली की जातो.
बॅटरी नवी टाकली, फरक शून्य. आता अल्टरनेटर बदलायचा का?

धरमपेठ_वायरिंग: नाही भाऊ, आधी मल्टिमीटर लावा. पहिली तक्रार बहुतेक एलईडीची आहे. अशा अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट चार्जिंगच्या बल्बमधूनच मिळतो, आणि एलईडी तेवढा करंट जाऊ देत नाही. त्या एका जागी साधा फिलामेंटचा १२ व्होल्ट, २ ते ३ वॅटचा बल्ब टाका. बाकीचे राहू द्या.

मिणमिणण्याचं कारण वेगळं. त्या बल्बच्या एका बाजूला इग्निशनची वायर, दुसऱ्या बाजूला अल्टरनेटर. दोन्हीकडे व्होल्टेज सारखं असलं की बल्ब बंद. हेडलाइट लावून, १५०० आरपीएमला दोन्ही बाजू मोजा. अल्टरनेटरकडे १४ आणि इग्निशनकडे १२ आलं तर मधले २ व्होल्ट कुठेतरी खाल्ले जाताहेत: इग्निशन स्विच, त्याचा कपलर किंवा फ्यूजबॉक्स. फ्यूज काढून टोकं पाहा. हिरवट किंवा काळी असतील तर फ्यूज नवे टाका आणि पितळी पट्ट्या पॉलिश पेपरने घासा. बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळत असेल तर अल्टरनेटरला हात लावू नका.

महालकर: काटा नाचतो म्हणजे अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हचा बॉडी-इंजिनशी जोड) खराब. पेंट नवा झाला की हे हमखास होतं: पेंटर अर्थच्या बोल्टखालीही रंग मारतो. हेडलाइट चालू ठेवा, मीटर २ व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नव्हे), दुसरं आधी इंजिन ब्लॉकवर, मग बॉडीवर, मग डॅशमधल्या मीटरच्या पत्र्यावर. ०.२ व्होल्टच्या वर गेलं की तिथला जोड उघडा. चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडा, स्टार वायसर (दातेरी) टाकून आवळा, वरून व्हॅसलीन. वरवर रंग खरवडून सोडलेलं पहिल्या पावसाळ्यापर्यंतच टिकतं.

ऑइलप्रेशर_आधी: तिसरी, ऑइलच्या लाइटची तक्रार वायरिंगची समजून सोडू नका. गरम इंजिन, कमी स्लो (आयडल), रेस दिल्यावर जातो, म्हणजे प्रेशर खरंच पडत असेल. इंजिनवरच्या ऑइल प्रेशर स्विचची वायर काढून इग्निशन ऑन करा. लाइट विझला तर वायर ठीक. तरीही लागत असेल तर ती कुठेतरी सोलून ब्लॉकला टेकते आहे. वायर ठीक निघाली तर स्विच काढून तिथे प्रेशर मोजणारं मेकॅनिकल गेज लावा, अर्धा तास चालवून आयडलला वाचा. गेजवर दम असेल तर स्विच बदला. काटा शून्याजवळ लोळत असेल तर बेअरिंग, पंप आणि रिलीफ व्हॉल्व्ह पाहावे लागतील.
मेच्या ४५ डिग्रीत पातळ ऑइल भरलं असेल तर आधी २०डब्ल्यू-५० (जाड ग्रेड) टाका. आणि स्विच बसवताना टेफ्लॉन टेप गुंडाळू नका: स्विचला अर्थ आट्यांतूनच मिळतो, टेप जास्त झाली तर प्रेशर गेलं तरी लाइट लागणारच नाही.

नवीजुनी_पद्मिनी: ब्लॉक ०.०४, बॉडी ०.६१. इग्निशन बाजू ११.९, अल्टरनेटर १४.०. बॅटरीजवळचा बॉडीचा बोल्ट उघडला तर खाली दोन थर रंग! स्विचची वायर काढली की ऑइलचा लाइट विझतो. गेज अजून मिळालं नाही.

ऑइलप्रेशर_आधी: मग तोवर दुपारची गाडी बाहेर काढू नका. कॉटन मार्केटच्या गर्दीत तर मुळीच नाही.