सोसायटी मराठी मंडळ : बी-३०२ चं इंटिरियर, डिझायनरला काय काय सांगायचं?

पल्लवी, बी-३०२
मंडळी, सल्ला हवाय. दिवाळीच्या आत घराचं काम उरकायचं ठरवलंय. रविवारी इंटिरियर डिझायनर पहिल्यांदा घर बघायला येणार आहेत. त्यांनी आधीच एक लांबलचक प्रश्नावली पाठवली आहे. सकाळी आधी कोण उठतं, पेपर कुठे बसून वाचता, गहू वर्षाचा भरता का, स्वयंपाक कोण करतं आणि त्यांची उंची किती, गणपती किती दिवसांचा... आमच्या ह्यांचं म्हणणं, एवढं कशाला? फोटो दाखवायचे आणि तसं करून मागायचं. ह्यांना सगळं घर पांढरं-राखाडी हवंय. सासूबाईंचा संखेड्याचा लाल-सोनेरी लाकडी झोपाळा हॉलमधून हलता कामा नये. आणि नववीतल्या लेकीला खोली जांभळी हवी आहे! ज्यांनी कामं करून घेतली आहेत त्यांनी सांगा ना, ही सगळी उत्तरं द्यायचीच का?

जोशी काकू, बी-२०१
दे गं बाई, एकूण एक दे. आम्हाला कुणी काही विचारलंच नव्हतं. कंपनीचा मुलगा आला, टेपने मोजून गेला आणि किचनचं रंगीत चित्र पाठवलं. चित्रासारखंच झालं, कामात खोट नाही. पण गव्हाच्या कोठ्या ठेवायला जागाच नाही! वैशाखात दिवेल (एरंडेल) लावून गहू भरतो आपण, ते त्या मुलाला काय ठाऊक. दोन्ही कोठ्या आता पलंगाशेजारी उभ्या आहेत. घरघंटी गॅलरीत, तिथे पॉइंट नाही, म्हणून खिडकीतून वायर ओढायची. आणि ओटा ३६ इंच. मी जेमतेम पाच फूट. पोळ्या लाटून झाल्या की खांदे भरून येतात.

पल्लवी, बी-३०२
बापरे काकू, खरंच की. कोठ्यांचं तर माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

ऋजुता, ए-४०३
पल्लवीताई, इंटिरियर डिझाइन हे माझं रोजचं काम म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमच्या डिझायनरने योग्य ठिकाणाहून सुरुवात केली आहे. ‘तुमची आवड काय’ असं थेट विचारलं तर बहुतेक जण नुकताच पाहिलेला फोटो सांगतात. आवड दिसते ती सवयींत. एखाद्या घरी जेवायचं टेबल मोठं असतं, त्यावर कपड्यांच्या घड्या असतात आणि सगळे टीव्हीसमोर खाली बसून जेवत असतात. तिथे नवं, आणखी देखणं टेबल करून देणं हे काम नव्हे. त्या घराला गालिचा, खाली बसता येईल अशी मोकळी जागा आणि घड्या घालायला एक ओटा हवा असतो.

काकूंच्या ओट्याचं म्हणाल तर साधं माप आहे. सरळ उभं राहून कोपर वाकवायचं, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजायचं आणि त्यातून चारेक इंच वजा करायचे. पाच फुटांच्या बाईला ३३-३४ इंच येतं. पावणेसहा फुटांच्या माणसाला ३८-३९. शिवाय लाटताना, मळताना जोर खाली जातो, म्हणून ती जागा आणखी थोडी खाली चालते. सिंकचा तळ खोल असतो, तिथे वाकावं लागतं, म्हणून ती बाजू वर घेतली तर बरं. दोन उंचीचा ओटा चित्रात तितका छान दिसत नाही, म्हणून कुणी सुचवत नाही. पण ज्या घरी रोज वीस-पंचवीस पोळ्या होतात तिथे मी तो आग्रहाने सुचवते. तुमच्याकडे स्वयंपाकाला मावशी येतात ना? मग त्यांचंही कोपर मोजा, रोज तासभर त्या तिथे उभ्या असतात.

निखिल, ए-१०२
पण ऋजुता, फोटो दाखवण्यात चूक काय? आम्हीही पुढच्या वर्षी करणार आहोत. बायकोने मोबाइलवर दोनशे फोटो जमवलेत.

ऋजुता, ए-४०३
चूक काही नाही, जरूर दाखवा. फक्त प्रत्येक फोटोखाली एक ओळ लिहायला सांग, ह्यात नेमकं काय आवडलं. एका घरी बदामी रंगाच्या खोल्यांचे फोटो आले होते. विचारत गेले तेव्हा कळलं की रंगाचं त्यांना काहीच नव्हतं. प्रत्येक फोटोत मोठी खिडकी होती आणि खिडकीत बसायला जागा होती. त्यांना ती हवी होती. खिडकीला १८ इंच उंचीची बैठक केली, आत गाद्या ठेवायला कप्पे. रंग त्यांनी शेवटी हिरवा घेतला!

न आवडलेल्या फोटोंचाही एक गठ्ठा करा. त्यातून मला कित्येकदा जास्त कळतं. ‘हे हॉटेलसारखं वाटतं’, ‘इथे पाय पसरून बसता येणार नाही’ अशी वाक्यं येतात आणि रस्ता सापडतो.

आणखी एक. फोटोतली घरं पुष्कळदा थंड देशांतली असतात. तिथे ऊन आत यावं म्हणून जमिनीपासून छतापर्यंत काच लावतात. आपल्या बी विंगचे हॉल पश्चिमेला आहेत. मे महिन्यात बडोद्याचा पारा ४० च्या वर असताना तशी काच लावली तर दुपारभर पडदे ओढून बसावं लागेल. अशा वेळी डिझायनरने स्पष्ट नाही म्हणायला हवं. ग्राहक म्हणेल तसं करून द्यायचं हे माझ्या लेखी काम टाळणं आहे.

माने आजोबा, सी-२
ऋजुता म्हणते ते अगदी खरं. माझा अनुभव लिहितो, तळमजल्यावाल्यांना उपयोगी पडेल. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घरात आलं, ते सगळ्यांना माहीत आहे. कपाटं, दिवाण, टीव्हीचं युनिट, सगळं फुगून गेलं. नंतर जे डिझायनर आले त्यांनी रंग-बिंग काही विचारलं नाही. पहिला प्रश्न, पाणी कुठवर आलं होतं? भिंतीवर खडूने रेघ मारली आणि त्या रेघेच्या खाली लाकूडकाम करायचंच नाही असं ठरवलं. ओट्याखाली कडप्प्याच्या उभ्या पाट्या आणि ॲल्युमिनियमची दारं. पलंग लोखंडी, पायांवर उभा. सगळे सॉकेट रेघेच्या वर. पुस्तकांची कपाटं भिंतीला टांगलेली. मला पुस्तकं हाताशी लागतात, तेही त्यांनी विचारून घेतलं होतं, म्हणून वाचायच्या खुर्चीच्या उजव्या हाताला एक फळी आहे. घर साधं आहे, पण माझं आहे.

शिंदे वहिनी, सी-३०१
आजोबा, तुमची ती खुर्चीजवळची फळी आमच्या बाबांनाही फार आवडली.

पवार काका, डी-३०४
मी आयुष्यभर विजेच्या खात्यात काढलं, म्हणून तेवढंच सांगतो. फर्निचरचा आराखडा नक्की झाल्याशिवाय भिंतीत वायरींसाठी झिरी मारू देऊ नका. पलंग कुठे येणार ते ठरलं तरच दिव्याचं बटण हाताशी येतं. घरघंटी, गीझर, मायक्रोवेव्ह ह्यांना १६ अँपिअरचे पॉइंट, आताच यादी करा. दिव्यांच्या खोक्यावर केल्विन, म्हणजे उजेडाच्या छटेचा आकडा, लिहिलेला असतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. हॉलमध्ये पिवळसर, ओट्यावर ४००० च्या आसपास ठेवा, भाजीचा रंग नीट दिसतो. साठीनंतर वाचायला तरुणपणापेक्षा कितीतरी जास्त उजेड लागतो. सासूबाई पोथी कुठे बसून वाचतात ते डिझायनरला दाखवा आणि तिथे वेगळा दिवा मागा.

पल्लवी, बी-३०२
झोपाळ्यावर बसूनच वाचतात काका! आणि तिथेच तर अडलंय. ह्यांचं म्हणणं, पांढऱ्या-राखाडी हॉलमध्ये तो लाल-सोनेरी झोपाळा शोभणार नाही, बेडरूममध्ये टाकू. सासूबाई चार दिवस नीट बोलल्या नाहीत.

माने आजोबा, सी-२
बेडरूममध्ये झोपाळा? अहो, झोपाळा म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायची जागा. भडक रंगाची एवढी धास्ती का घ्यावी? दांडिया बाजारातला तांबेकर वाडा एकदा दाखवून आण त्यांना. भिंती चित्रांनी भरलेल्या, पुराणातल्या कथा काय, आणखी काय काय. बडोदा संस्थानच्या दिवाणांचं राहतं घर होतं ते. आता पुरातत्त्व खातं सांभाळतं.

ऋजुता, ए-४०३
पल्लवीताई, दादांना सांगा की त्यांची निवड आणि आईंचा झोपाळा एकमेकांच्या आड येत नाहीत. संखेड्याचं काम म्हणजे खरादावर (लेथवर) उतरवलेला साग, त्यावर लाखेचे थर आणि कलईची चमक. हे गाव आपल्यापासून पन्नासेक किलोमीटरवर, असा झोपाळा घरात असणं हे भाग्य आहे. तो तपकिरी लॅमिनेट आणि फुलाफुलांच्या पडद्यांत हरवतो. शांत, फिकट भिंतीसमोर खरा उठून दिसतो. दादांची पांढरी-राखाडी भिंत हीच त्याची जागा आहे. फक्त राखाडीत निळी झाक नको, किंचित उबदार घ्या, नाहीतर लाल रंग अंगावर येतो. मग हॉलमध्ये दुसरा लाल-सोनेरी तुकडा नको. एका उशीवर तो मरून उचला, बस्स.

दोन गोष्टी मात्र तपासा. झोपाळ्याच्या पुढे-मागे तीन-तीन फूट मोकळे राहायला हवेत, सोफा त्या हिशोबाने मागे सरकेल. आणि कड्या पीओपीच्या फॉल्स सीलिंगला नव्हे, वरच्या मूळ स्लॅबला किंवा बीमला हव्यात. ते स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून घ्या.

लेकीच्या जांभळ्या भिंतीला तर लगेच हो म्हणा. रंग ही घरातली सगळ्यात स्वस्तात बदलता येणारी गोष्ट. ती बारावीला जाईल तेव्हा आवड बदलेल, दोन दिवसांत भिंत बदलेल. मी असंच ठरवते, जे बदलायला फोडाफोड लागते ते शांत ठेवायचं. फरशी, बाथरूमच्या टाइल्स, ओट्याचा दगड, वॉर्डरोबची दारं. आणि जे सहज बदलतं, म्हणजे भिंत, पडदे, चादरी, दिव्याची शेड, तिथे प्रत्येकाने आपली हौस पूर्ण करावी. घरात चार माणसं असली की चार आवडी असणारच. सगळ्यांची सरासरी काढली तर कुणाचंच घर होत नाही. प्रत्येकाला निदान एक कोपरा असा द्यावा की जिथे बाकीच्यांनी बोलायचं नाही.

शिंदे वहिनी, सी-३०१
बाथरूमचं मी सांगते. बाबांसाठी गेल्या वर्षी केलं. चकचकीत टाइल मुळीच नको, आर-११ (पाय न घसरण्याची प्रत) लिहिलेली खडबडीत घ्या. कमोडशेजारी दांडा लावायचा तर टाइल्स बसायच्या आधी सांगा, म्हणजे भिंतीत पक्का बसतो. तेव्हा बाबा रागावले होते, मी काय आजारी आहे का म्हणून. डिझायनरने तो दांडा टॉवेल रॉडच्याच घडणीचा निवडला, रांगेत बसवला. आता रोज धरतात. माणसाचा मान राखून केलेलं काम लक्षात राहतं बघा.

निखिल, ए-१०२
खर्चाचं कसं ठरवायचं? एक जण म्हणतो फी वेगळी, दुसरा म्हणतो डिझाइन फुकट.

ऋजुता, ए-४०३
फुकट डिझाइनचे पैसे सामानात कुठेतरी येतातच. मी म्हणेन, फी वेगळी देऊन आराखडे हातात घ्या. फर्निचरचा, विजेचा, नळाचा, आणि प्रत्येक कपाटाचं आतलं चित्र मापांसकट. आतलं चित्र महत्त्वाचं, कारण तुमच्या साड्या घडीच्या की हँगरच्या, हे तिथेच ठरतं. कोटेशनमध्ये नुसतं ‘प्लाय’ नको. साधा वॉटरप्रूफ आयएस (भारतीय मानक) ३०३ मध्ये येतो, मरीन म्हणजे आयएस ७१०. किचन आणि बाथरूमला लागून ७१० च घ्या, शिक्का स्वतः बघा. एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड, ओलाव्याच्या आसपास नकोच.

बजेटही लपवू नका, पल्लवीताई. पुष्कळ जण आकडा कमी सांगतात, मग डिझायनर सगळंच थोडं थोडं स्वस्त करतो. खरा आकडा सांगितला तर विचारता येतं, पैसा कुठे ओतायचा? आईंच्या खोलीत, की पाहुण्यांसमोर? प्रत्येक घराचं उत्तर वेगळं, तेही आवडीतच मोजायचं.

जोशी काकू, बी-२०१
गणपतीचंही लिहून ठेव गं. दहा दिवस कुठे बसवणार, आरास कुठे, दिव्यांची माळ कुठून. आमच्या टीव्ही युनिटने ती भिंतच खाल्ली.

ऋजुता, ए-४०३
काकू, तुमच्या ओट्याचं पुढच्या आठवड्यात येऊन बघते. ग्रॅनाइट न हलवता शेजारी ३२ इंचाची, ओढून बाहेर येणारी फळी करता येईल, पोळ्यांपुरती. खालचा एक ड्रॉवर काढला तर एका कोठीचीही जागा निघेल.

जोशी काकू, बी-२०१
ये गं, नक्की ये. बुधवारनंतर कधीही.

सेक्रेटरी, सोसायटी ऑफिस
पल्लवीबेन, काम सुरू करण्यापूर्वी एनओसीचा अर्ज आणि आराखड्याची प्रत ऑफिसात द्यावी. कॉलम, बीमला हात लावायचा नाही. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं की ४८ तास पाणी भरून ठेवायचं आणि बी-२०२ च्या छताला ओल नाही ना ते बघून मगच टाइल्स. फोडकाम सकाळी १० ते १ आणि ४ ते ६.

पल्लवी, बी-३०२
सेक्रेटरी काका, उद्याच अर्ज देते. ऋजुता, तुझे मेसेज ह्यांना वाचून दाखवले. झोपाळा हॉलमध्येच राहतोय! सासूबाईंनी स्वतः प्रश्नावली मागून घेतली, आता त्या त्यांचं पान भरताहेत. लेकीने तिचं वेगळं भरलंय. मावशी उद्या आल्या की त्यांच्या कोपराचं माप घेते. एकच राहिलं, कोठ्यांची उंची-रुंदी प्रश्नावलीत कुठे लिहू? तसा रकाना नाही त्यात.

ऋजुता, ए-४०३
मागच्या कोऱ्या पानावर लिहा. झाकण उघडल्यावर वर किती जागा लागते, तेही.