स्वतंत्र कलाकारांचं नवं संगीत तुम्हाला कुठं सापडतं?

शुक्रवार आला की नव्या गाण्यांची रांग लागते, 2015 पासून जगभर रिलीजचा वार तोच ठरलाय. पण वर दिसतात ती मोठ्या लेबलवाल्यांचीच. ज्यांच्यामागे कुणी नाही, घरीच रेकॉर्ड करून टाकलंय, अशांपर्यंत तुम्ही कसे पोचता? फोक, मेटल, जॅझ, रॅप, काहीही चालेल. सविस्तर लिहा.

रातकिडा
माझा सगळा भर बँडकॅम्पवर, म्हणजे कलाकार आपलं संगीत थेट विकतात त्या साइटवर. अल्बमच्या पानावर तो विकत घेतलेल्या लोकांचे छोटे छोटे फोटो असतात ना, त्यातल्या एकावर क्लिक केलं की त्या माणसाचं अख्खं कलेक्शन उघडतं, आणि ज्याने माझ्या आवडीचा एखादा कुणालाच माहीत नसलेला ॲम्बियंट अल्बम पैसे मोजून घेतलाय त्याची बाकीची निवड सहसा वाया जात नाही. असंच एकाकडून दुसऱ्याकडे जात पोलंडच्या जॅझवरून मालीच्या गिटारपर्यंत पोचलोय. दुसरं म्हणजे टॅग. प्रकाराचा टॅग सगळेच बघतात, मी गावाचा टाकतो, पुणे, शिलाँग, कोची, आणि नवीन आलेलं आधी लावतो. एकाच गावात काय काय चाललंय ते कळतं.

मुग्धा_ठाणे
रातकिडा +१. विकत घ्यायचंच असेल तर बँडकॅम्प फ्रायडे (साइटने ठरवलेले काही शुक्रवार) बघून घ्या. एरवी डिजिटल विक्रीतले 15 टक्के साइट ठेवते (विक्री बरीच झाली की 10), त्या दिवशी तो वाटा सोडतात. मार्च 2020 मध्ये कोविडने शो बंद पडले तेव्हा सुरू झालं हे. स्पॉटिफायवर तर 2024 पासून वर्षभरात 1000 वेळा न वाजलेल्या ट्रॅकला रेकॉर्डिंगची रॉयल्टीच नाही, म्हणजे नवख्या माणसाच्या हातात काय पडणार सांगा! म्हणून आवडलं की मी सरळ विकत घेते.

जुना_श्रोता
आमच्याकडे रॉक स्ट्रीट जर्नल नावाचं रॉक संगीताचं मासिक होतं, 1993 ला अलाहाबादहून निघायला लागलं. त्यात नाव वाचायचं आणि मग त्या बँडची कॅसेट कुणाकडे आहे ते विचारत फिरायचं. मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनला, जिथे रॉकचे शो व्हायचे, मी मुख्य बँडच्या बरंच आधी जाऊन बसायचो, कारण नवे लोक तेव्हाच वाजवायचे. आजही तेच करतो. हॉलमध्ये मोजकी माणसं असतात, वाजवून झालं की ती पोरं स्वतःच टेबल मांडून टीशर्ट विकत असतात, सरळ जाऊन विचारायचं, तुम्ही सध्या कुणाला ऐकताय? याच्याइतकी खात्रीची यादी मला तरी कुठं मिळालेली नाही.

आरेकर
रॅपमध्ये सोबत कोण आहे ते बघा. 2019 ला मुंबईच्या स्वदेशी या रॅप ग्रुपने आरेच्या जंगलावर 'द वारली रिव्होल्ट' केलं, त्यात वारली कार्यकर्ते प्रकाश भोईर आहेत. तिथून मी त्यातल्या एकेकाचं नाव धरून शोधत गेले, कोणी कुणाच्या ट्रॅकवर, बीट कुणाचा, आणि मराठीत रॅप करणारे कितीतरी जण हाती लागले.

सिॲटलहून
इथलं केईएक्सपी रेडिओ स्टेशन श्रोत्यांच्या देणग्यांवर चालतं, इंटरनेटवर कुठूनही ऐकता येतं. काय वाजवायचं ते डीजे स्वतः ठरवतात. आत्ता काय वाजतंय त्याची यादी साइटवर दिसते, शेजारी डीजेने कलाकाराबद्दल दोन ओळी लिहिलेल्या असतात. 'ऑडिओएसिस' हा कार्यक्रम तर खास इथल्या भागातल्या कलाकारांचा.

रातकिडा
@आरेकर, त्या मराठी रॅपवाल्यांची नावं टाका ना इथं, शुक्रवारी घेतो.