शेजारणीची असायलमची (आश्रय मागण्याची) केस, तारीख तीन आठवड्यांवर, वकील नाही. काय करू?

जर्सीची_अनघा:
मंडळी, जरा लांबलचक लिहितेय पण वाचा प्लीज. आमच्या खालच्या मजल्यावर एक अफगाण बाई राहते, दोन लहान मुलं आहेत, हिंदी सिनेमे बघून बघून छान हिंदी बोलते म्हणून आमची गट्टी जमली. अमेरिकेत येऊन तिला दहा महिने झालेत. काल नोटीस टू अपिअर (कोर्टात हजर राहायची नोटीस) घेऊन आली आणि म्हणाली, दीदी यात काय लिहिलंय तेवढं सांग. तीन आठवड्यांनी इमिग्रेशन कोर्टात तारीख आहे! कुणा फॉर्म भरून देणाऱ्या माणसाने तिच्याकडून बाराशे डॉलर घेतले, सह्या घेतल्या, अर्जाची कॉपीसुद्धा दिली नाही आणि आता फोन उचलत नाही. दोन वकिलांना विचारलं, फी तिच्या आवाक्याबाहेर. कोर्ट वकील देत नाही का? मी आयटीवाली, मला यातलं काही कळत नाही, पण तिचा चेहरा आठवून रात्रभर झोप नाही लागली.

शनिवारचा_व्हॉलंटिअर:
अनघाताई, नाही देत. क्रिमिनल केसमध्ये सरकार वकील देतं, इमिग्रेशनची केस सिव्हिल धरतात म्हणून इथे वकील करायचा हक्क आहे पण स्वतःच्या खर्चाने. तरी हातपाय गाळू नका. कोर्टाची स्वतःची एक प्रो बोनो, म्हणजे फुकट केस घेणाऱ्यांची, यादी असते, राज्यवार, ऑनलाइन मिळते. त्यातल्या संस्थांना आजपासूनच फोन लावा, एकीने नाही म्हटलं की पुढची, बऱ्याच ठिकाणी जागा भरलेल्या असतात. काही संस्थांत वकील नसलेले पण न्याय खात्याची मान्यता असलेले प्रतिनिधी असतात, ते चालतात, फक्त कोर्टात उभं राहायची फुल मान्यता आहे ना ते विचारून घ्या. आणि नोटरीच्या पाटीवर जाऊ नका, इथला नोटरी म्हणजे वकील नव्हे, याच गैरसमजावर लोकांना लुटतात.

आता खरी घाई कशाची ते सांगतो. असायलमचा अर्ज, म्हणजे फॉर्म आय-५८९, आल्यापासून एका वर्षाच्या आत दाखल व्हावा लागतो, अपवाद आहेत पण त्यांच्या भरवशावर राहू नये. त्या माणसाने तो खरंच दाखल केला का? नोटिशीवर ए-नंबर, म्हणजे तिचा इमिग्रेशन फाइल नंबर असेल, नऊ आकडी. तो कोर्टाच्या ऑटोमेटेड लाइनवर किंवा वेबसाइटवर टाकला की पुढची तारीख कळते, दर दोन-चार दिवसांनी बघत जा कारण तारखा सरकतात. अर्ज फाइलवर आहे का ते कोर्टाच्या खिडकीवर विचारा. जुलै २०२५ च्या कायद्याने अर्जाला १०० डॉलर फी लागलीय (आधी शून्य होती), शिवाय केस पेंडिंग असेपर्यंत दरवर्षी वेगळी फी, आणि माफी नाही.

पहिली तारीख म्हणजे मास्टर हिअरिंग, त्या दिवशी तिची कहाणी ऐकत नाहीत. वकील शोधायला वेळ द्या असं तिने जजला स्पष्ट सांगायचं, बहुतेकदा एकदा तरी देतात. पण गेलीच नाही तर गैरहजेरीत डिपोर्टेशनचा हुकूम निघू शकतो. घर बदललं तर ५ दिवसांत ईओआयआर-३३ हा कोर्टाचा पत्ताबदलाचा फॉर्म भरायचा, नुसतं पोस्ट ऑफिसला कळवून भागत नाही.

भीती_वाटते_हो:
पण २०२५ पासून कोर्टाच्या दारातच लोकांना पकडल्याच्या बातम्या येतायत, तिने जावं तरी कसं?

शनिवारचा_व्हॉलंटिअर:
भीती खरी आहे, मी खोटा धीर देणार नाही. पण न जाणं त्याहून वाईट. व्हिडिओवरून हजर राहायची परवानगी आधी लेखी मागता येते, यादीतल्या संस्थेला पहिल्याच फोनवर हे विचारा.

शब्दाला_शब्द:
मी दुभाषी आहे, थोडं माझंही ऐका. कोर्टात दुभाषी फुकट मिळतो, तिला दरी भाषेचाच (अफगाणी फारसी) मागायला सांगा, हिंदी कितीही चांगली असली तरी. कागदपत्रांचं इंग्रजी भाषांतर मात्र आपणच करून द्यायचं, भाषांतरकाराच्या सहीच्या सर्टिफिकेटसकट. आणि ताई, कळवळ्यापोटी तिची कहाणी नीटनेटकी करून देऊ नका. २००५ च्या रिअल आयडी कायद्यापासून किरकोळ विसंगतीवरूनही जज म्हणू शकतो की बाई विश्वासार्ह नाही. तारखा तर खास जपा, अफगाण कॅलेंडर वेगळं, वर्ष मार्चमध्ये बदलतं, इंग्रजी साल काढायला सरसकट ६२१ मिळवले की शेवटच्या महिन्यांत घोळ होतो. जिथे आठवत नाही तिथे आठवत नाही असंच लिहायचं.

जर्सीची_अनघा:
अपडेट देते. तारीख तीच आहे, पण आज कोर्टाच्या खिडकीवर गेलो तर अर्ज दाखलच नाहीये!! तिच्या मोबाइलमध्ये त्या फॉर्मच्या एका पानाचा फोटो सापडला. घर सोडल्याची तारीख त्याने ऑगस्ट २०२० घातलीय. मी विचारलं तर ती लगेच म्हणाली, २४ असद १४००. शोधलं तर १५ ऑगस्ट २०२१ निघालं, तालिबान काबूलमध्ये शिरले तोच दिवस. वर्षच चुकीचं, आणि खाली तिची सही. यादीतल्या सातव्या फोनला हो मिळालं, गुरुवारी साडेनऊला बोलावलंय. तो फोटो प्रिंट करून नेतेय, त्यांना आधी तोच दाखवणार. मुलं तेवढा वेळ माझ्या नवऱ्याकडे.