मदत हवी आहे: पिकअपला आधी लिफ्ट किट की आधी टायर? (रोज ऑफिस, सुट्टीला कच्ची वाट)

नमस्कार मंडळी,

गाडी डबल कॅब डिझेल पिकअप, पार्ट-टाइम फोर बाय फोर (चारही चाकांना जोर फक्त गरजेपुरता देता येतो). पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन, मागे सलग ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच दांडा) आणि पाटे (लीफ स्प्रिंग). टायर कंपनीचेच, २६५/६५ आर १७, रस्त्याचे. पाच दिवस ऑफिस आणि मुलांची शाळा, महिन्यातून दोनदा डोंगरातली दगड-चिखलाची वाट. घरात दुसरी गाडी नाही. रविवारी काहीही होवो, सोमवारी सकाळी ती निमूटपणे निघाली पाहिजे, ही पहिली अट.

गेल्या खेपेला दोन चाकोऱ्यांच्या मधल्या उंचवट्यावर गाडी अडकली. मला वाटलं, चेसिस टेकली. घरी येऊन चिखल धुतला तर चेसिसला ओरखडाही नाही. मागच्या डिफरन्शियलच्या (ॲक्सलच्या मधल्या, गिअर असलेल्या फुगीर गोळ्याच्या) पोटावर मात्र तळहाताएवढा रंग जाऊन लोखंड लख्ख चकाकत होतं.

ॲक्सेसरीवाला म्हणतो चार इंचाची लिफ्ट, मड टायर, लोखंडी बंपर, विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र), सगळं एकदम करून टाका. पण लिफ्टने उचलली जाते ती बॉडी आणि चेसिस. मागचा ॲक्सल चाकांच्या मध्यावरच राहणार, म्हणजे जे घासलं ते तिथेच! ते वर येणार फक्त मोठ्या टायरने. २६५/७० आर १७ घातले तर टायरचा व्यास साधारण ७७६ वरून ८०३ मिलिमीटर होतो, म्हणजे डिफरन्शियल वर येणार त्या फरकाच्या निम्मं, जेमतेम १३ मिलिमीटर. हिशोब बरोबर आहे ना? की माझंच काही चुकतंय?

दुसरी तक्रार मागच्या उड्यांची. हौदा रिकामा असला की गतिरोधकावर मागची सीट अक्षरशः फेकते. सुट्टीला तंबू, पाणी, सायकली धरून दीडशे किलोच्या वर जात नाही. जाड पाटे घालावेत का?

बजेट सध्या एकाच मोठ्या कामापुरतं आहे. विंच मला तरी हौसेचाच वाटतो, पण अनुभवी लोकांनी सांगावं.

प्रतिसाद १

हिशोब बरोबर आहे. टायर आधी. मड टायर मात्र नको, रोजच्या डांबरावर आवाजाने डोकं उठेल आणि ओल्या रस्त्यावर पकडही कमी. ऑल-टेरेन (डांबर आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचे) घ्या, मापाने २६५/७० च्या पुढे जाऊ नका. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा खरा वेग १०३ च्या आसपास असेल, एवढं लक्षात ठेवा. बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, रिव्हर्समध्येसुद्धा, आतल्या प्लास्टिकला टायर घासतोय का ते बघा.

खरा फायदा त्या १३ मिलिमीटरचा नाहीच. टायरची भिंत उंच होते, त्यामुळे हवा कमी करायला वाव मिळतो. खडकाळ वाटेला हवेचा दाब २० ते २२ पीएसआय करून सावकाश चालवा, फरक पहिल्या शंभर मीटरमध्ये कळेल. डांबर लागायच्या आधी परत भरायची, म्हणून छोटा कंप्रेसर आणि चांगला गेज हवाच.

आणि भाऊ, दोन्ही चाकं चाकोरीत घातली होती ना? एक चाक मधल्या उंचवट्यावर, दुसरं चाकोरीच्या बाहेरच्या काठावर घ्यायचं. यात एक पैसा खर्च नाही.

लिफ्ट पुढे कधी केलीत तर दोन इंचांवर थांबा. त्यावर पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचा (चाकाला जोर पोहोचवणाऱ्या दांड्याचा) कोन वाढतो आणि त्याच्या सांध्यावरचे रबरी बूट (आवरणं) फाटायला लागतात. अलाइनमेंट आणि हेडलाइटची दिशाही तेव्हा लावून घ्यावी लागेल.

प्रतिसाद २

दीडशे किलोसाठी जाड पाटे? मुळीच नको. ते कायम वजन वाहणाऱ्यांसाठी असतात, रिकाम्या हौद्याखाली आणखी फेकतील. आधी मागची हवा तपासा. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे बहुतेक वेगवेगळे असतात. मग शॉकअप बघा, तेल गळतंय का.

विंचच्या आधी पुढे-मागे खात्रीचे रिकव्हरी हुक (अडकलेली गाडी ओढायला) आणि एक पट्टा घ्या. टो बॉलला (मागे ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) पट्टा अडकवून गाडी कधीच ओढू नका, तो बॉल तुटून काच फोडत आत येऊ शकतो.

धागाकर्ता

आत्ताच खाली जाऊन गेज लावला. मागे ४१ पीएसआय! स्टिकरवर रिकाम्या गाडीला ३०. टायरवाल्याने भरलेल्या गाडीचा आकडा धरला आणि मी वर्षभर पाट्यांना शिव्या घातल्या. ३० करून एक चक्कर मारून आलो. उड्या आहेत, पण आता चहाचा कप हातात धरता येईल एवढ्याच.

टायर ऑल-टेरेनच घेतो. एकच राहिलं: दगडांसाठी एलटी (लाइट ट्रक) ग्रेडचे जाड भिंतीचे घ्यावेत की साधे? एलटी वजनदार असतात, ॲव्हरेज पडतं असं ऐकलंय. रोज वापरणाऱ्या कोणी घातलेत का?