मदत हवी आहे : वडिलांना क्लोपिडोग्रेल लागू पडत नाही, पुढे काय विचारावे?

नमस्कार.

आम्ही ठाण्याला नौपाड्यात राहतो. वडिलांचे वय ७६, वजन ५७ किलो, मधुमेह जुना. सात महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी करून स्टेंट बसवला. तेव्हापासून रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, दोन्ही ७५ मिलिग्रॅम, चालू आहेत. गेल्या महिन्यात तलावपाळीला फेरी मारताना पुन्हा छातीत दुखू लागले. रुग्णालयात प्लेटलेटची (रक्त गोठवणाऱ्या पेशींची) चाचणी झाली आणि ‘यांना हे औषध लागू पडत नाही’ एवढेच सांगून कागद आमच्या हाती ठेवण्यात आले. का, ते कोणी सांगितले नाही.

गोळी चुकली असेल, ही माझी पहिली शंका. पण आई रोज गोळी देताना पट्टीच्या मागे पेनाने तारीख घालते, आणि हिशेब चोख निघाला. मात्र वडिलांच्या सदऱ्याच्या खिशात ओमेप्राझोलच्या कॅप्सूल सापडल्या. ही ‘गॅसची गोळी’ ते चार वर्षे केमिस्टकडून परस्पर आणतात आणि कोणत्याही डॉक्टरांना सांगत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते औषधच नव्हे! गुडघे दुखले की इबुप्रोफेनही घेतात.

वाचनातून समजले ते असे : क्लोपिडोग्रेल पोटात जाते तेव्हा निष्क्रिय असते, यकृतातील सीवायपी२सी१९ हे एन्झाइम त्याला कामाला लावते, आणि ओमेप्राझोल नेमके त्यालाच अडवते. इबुप्रोफेन आधी घेतल्यास ॲस्पिरिनला प्लेटलेटवर जागा मिळत नाही. काहींचे हे एन्झाइम जन्मतःच मंद असते. अशांचे प्रमाण आपल्याकडे युरोपीयांपेक्षा जास्त आहे, आणि अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) २०१० मध्ये त्याविषयी ठळक इशारा दिला होता.

तर ओमेप्राझोलऐवजी त्याच जातीचे, पण हे एन्झाइम कमी अडवणारे पँटोप्राझोल देऊन प्लेटलेटची चाचणी पुन्हा करावी, की जनुकीय चाचणी आधी? औषध बदलायचे ठरले तरी अडचण आहेच. पर्यायी औषधांपैकी प्रासुग्रेलला पंचाहत्तरीपुढचे वय आणि साठ किलोखालचे वजन, दोन्ही रक्तस्रावाच्या भीतीने आड येतात. टिकाग्रेलोरला यकृताने जागे करावे लागत नाही, पण ते दिवसातून दोनदा घ्यावे लागते आणि त्याने काहींना धाप लागते. वडिलांना आधीच दमा आहे. शेजारच्या काकांनी क्लोपिडोग्रेलच दुप्पट करण्याचे सुचवले, परंतु २०११ च्या ग्रॅव्हिटास अभ्यासात १५० मिलिग्रॅमने झटके कमी झाले नव्हते, म्हणून तो विचार मी सोडला.

क्लोपिडोग्रेल आम्ही आपल्या मनाने एक दिवसही थांबवलेले नाही. गुरुवारी हृदयरोगतज्ज्ञांची वेळ मिळाली आहे. ज्यांच्या घरी टिकाग्रेलोर सुरू झाले त्यांनी धाप किती दिवस राहिली ते कृपया लिहावे, आणि जनुकीय चाचणी ठाणे किंवा नवी मुंबईत केली असल्यास अहवाल किती दिवसांत हाती आला, हेही कळवावे.