निफ्टी वर गेला, तरी कॉलचा भाव उतरला. असे का होते?

चौकस_सांगलीकर
नमस्कार. माझी आजवरची गुंतवणूक म्युच्युअल फंडाची एसआयपी आणि मोजके शेअर एवढीच आहे. ऑप्शनचा सौदा अजून केलेला नाही, पण व्यवहार समजावा म्हणून निफ्टीच्या एका कॉलचे (म्हणजे मुदतीला ठरलेल्या पातळीला निफ्टी घेण्याच्या हक्काचे) भाव वहीत उतरवून ठेवतो आहे. गेल्या बुधवारी निफ्टी २५,००० वर असताना या मंगळवारी संपणारा २५,२०० चा कॉल ८० रुपयांना होता. काल, सोमवारी, निफ्टी २५,०६० वर बंद झाला आणि कॉल मात्र ३० वर आला. (आकडे सोयीसाठी पूर्णांकात दिले आहेत.) तेजीचा अंदाज बरोबर ठरूनही घेणाऱ्याचे पैसे का जावेत?

मुद्दल_आधी
बुधवारी तो कॉल वापरून कोणालाही एक पैसाही मिळाला नसता, कारण निफ्टी २५,२०० च्या खालीच होता. म्हणजे ते ८० रुपये संपूर्णपणे उरलेल्या दिवसांचे आणि त्या दिवसांत काही घडेल या शक्यतेचे होते. ६० अंशांच्या वाढीने त्यात १८-२० रुपयांची भर पडली असेल. पण दरम्यान मुदतीचे बहुतेक दिवस सरले आणि त्यांनी जवळजवळ ७० रुपये खाल्ले. ही झीज रोज सारखी नसते, मुदत संपत येते तशी ती वेग घेते. आज निफ्टी २५,२५० वर बंद झाला असे धरा: बुधवारपासून २५० अंशांची वाढ, तरी कॉलचे मिळणार ५० रुपये. ६५ च्या एका लॉटला (एकत्रच घ्यावा लागणाऱ्या गठ्ठ्याला) १,९५० रुपयांचा तोटा, दलाली आणि कर वेगळे. घेणाऱ्याला नुसते बरोबर असून भागत नाही; २५,२८० च्या पुढे आणि तेही मंगळवारच्या आत बरोबर असावे लागते.

व्हिक्सवाला
वरील उत्तरात एक भर घालतो. अर्थसंकल्प, रिझर्व्ह बँकेचे पतधोरण किंवा निवडणुकीचा निकाल यांच्या तोंडावर प्रीमियम, म्हणजे ऑप्शनचे भाव, आधीच फुगलेले असतात आणि अनिश्चितता सरली की एका फटक्यात बसतात. ५ जून २०२४ रोजी, म्हणजे लोकसभा निकालाच्या दुसऱ्या दिवशी, निफ्टी ७०० हून अधिक अंशांनी वर आला आणि त्याच दिवशी इंडिया व्हिक्स (बाजाराला अपेक्षित चढउतार दाखवणारा निर्देशांक) चौथ्या हिश्श्याहून जास्त घसरला. आदल्या दिवशीच्या घबराटीत चढ्या भावाने दूरच्या स्ट्राइकचे (हक्काच्या ठरलेल्या पातळीचे) कॉल घेतलेल्यांना एवढ्या उसळीचाही पूर्ण लाभ झाला नसणार. वहीत भावाशेजारी व्हिक्सचा रकाना जरूर ठेवा.

चौकस_सांगलीकर
दोघांचेही आभार. मग झीज विकणाऱ्याच्या खिशात जात असेल, तर ऑप्शन विकणेच शहाणपणाचे नाही का? आणि निफ्टीऐवजी एखाद्या शेअरचा कॉल घेतल्यास हेच लागू होते का?

मुद्दल_आधी
विकणाऱ्याला मिळणारा प्रीमियम ठरलेला असतो, तोटा मात्र कॉलच्या बाबतीत अमर्याद. एक लॉट विकायलाही लाखाच्या वर मार्जिन (ब्रोकरकडे ठेवायची अनामत) अडकते, आणि महिनोन्‌महिने जमवलेले एका सकाळच्या गॅपमध्ये, म्हणजे बाजार आदल्या बंद भावापासून एकदम दूर उघडल्यास, जाऊ शकते. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या पाहणीनुसार आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या काळात फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात होते आणि सरासरी तोटा सुमारे दोन लाखांचा होता. त्यामुळे घेणारे बुडतात आणि विकणारे कमावतात, अशी सरळ विभागणी करू नये, असे माझे मत आहे.

शेअरच्या ऑप्शनला झीज तशीच लागते, शिवाय एक अडचण जास्त आहे. निफ्टीचा हिशेब रोखीने मिटतो, पण शेअरच्या ऑप्शनमध्ये प्रत्यक्ष डिलिव्हरी होते. १,४०० च्या स्ट्राइकचा, ५०० शेअरच्या लॉटचा कॉल २० रुपयांनी घेतला, तर खर्च १०,००० रुपयेच दिसतो. मात्र मुदतीच्या दिवशी शेअर १,४०५ वर बंद झाला आणि सौदा उघडाच राहिला, तर सात लाख रुपये भरून ते ५०० शेअर घ्यावे लागतात. शेवटच्या चार दिवसांत ब्रोकर त्यासाठीचे मार्जिन वाढवत नेतो, आणि ते नसेल तर सौदा परस्पर कापूही शकतो.

व्हिक्सवाला
आणि हो, यातला नफा-तोटा शेअरसारखा भांडवली धरला जात नाही. तो व्यवसायाच्या उत्पन्नात मोडतो. पगारदार असलात तरी विवरणपत्रात दाखवावा लागेल, तेव्हा पहिल्या सौद्याआधीच आपल्या सीएंशी बोलून घ्या.