आपण केलेले दान इतरांना कळू द्यावे का?

प्रश्न : वाटसरू

मी उत्पन्नाचा ठरावीक भाग सार्वजनिक आरोग्याचे काम करणाऱ्या संस्थांना नियमितपणे देतो आणि ही गोष्ट घरच्यांखेरीज कोणालाही ठाऊक नाही. उजव्या हाताने दिलेले डाव्या हातालाही कळू नये, हा संस्कार मला मनापासून मान्य आहे. मात्र माझ्याइतकेच किंवा माझ्याहून अधिक कमावणारे अनेक स्नेही काहीच देत नाहीत. ते निष्ठुर आहेत असे मुळीच नाही; आपल्यासारखी नोकरदार माणसे असे सातत्याने देतात, हे त्यांच्या पाहण्यातच आलेले नाही. संस्थेचे नाव आणि रक्कम यांसह मी समाजमाध्यमांवर लिहिले, तर त्यांच्यापैकी कोणी सुरुवात करील का? की ती आत्मप्रौढी ठरून त्या संस्थेविषयीही लोकांचे मन कलुषित होईल? कृपया सकारण मत द्यावे.

उत्तर : मृदुला

आपण अवश्य लिहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अमेरिकी उद्योजक चक फीनी यांचे उदाहरण या संदर्भात फार बोलके आहे. करमुक्त दुकानांच्या व्यवसायातून मिळालेली संपत्ती त्यांनी १९८२ मध्ये स्थापन केलेल्या अटलांटिक फिलान्थ्रॉपीज या संस्थेकडे सोपवली आणि पुढील अनेक वर्षे इतक्या गुप्तपणे दान केले की, पैसा कोठून आला हे उघड न करण्याची अट देणगी घेणाऱ्यांवर असे. व्यवसायाच्या विक्रीमुळे १९९७ मध्ये हे गुपित फुटले. त्यानंतर मात्र त्यांनी हळूहळू मौन सोडले, हयातीतच संपत्ती वाटून टाकण्याचा जाहीर पुरस्कार केला आणि २०११ मध्ये निम्म्याहून अधिक संपत्ती दान करण्याच्या ‘गिव्हिंग प्लेज’ या जाहीर प्रतिज्ञेवर स्वाक्षरीही केली. सुमारे ८ अब्ज डॉलर देऊन त्यांची संस्था २०२० मध्ये बंद झाली. ही प्रतिज्ञा २०१० मध्ये सुरू करणारे वॉरन बफे आणि बिल गेट्स त्यांना आदर्श मानत. फीनी अखेरपर्यंत अज्ञात राहिले असते, तर हा आदर्श कोणाच्याच दृष्टीस पडला नसता.

हे अतिश्रीमंतांपुरते खरे आहे असेही नाही. लंडन मॅरेथॉनच्या धावपटूंसाठी ऑनलाइन देणग्या गोळा होतात, तेव्हा आधीच्या देणग्या पुढच्या देणगीदाराला दिसतात. त्या नोंदींचा अभ्यास केलेल्या अर्थशास्त्रज्ञांना असे आढळले की, आधीच्या देणग्यांची सरासरी १० पौंडांनी वाढली तर पुढचा माणूस साधारण अडीच पौंड अधिक देतो. झुरिक विद्यापीठातील एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांना ६४ टक्के सहाध्यायी निधीला पैसे देतात असे सांगितले, तर काहींना निराळ्या कालखंडावर आधारलेला ४६ टक्क्यांचा आकडा सांगितला. पहिल्या गटातील अधिक विद्यार्थ्यांनी पैसे दिले. फरक लहान होता हे खरे, पण तो केवळ माहितीमुळे पडला आणि त्या माहितीसाठी कोणालाही काही खर्च करावा लागला नाही. आपण गप्प राहता तेव्हा आपल्या स्नेह्यांपर्यंत ‘कोणीच देत नाही’ अशी चुकीची माहिती पोहोचत राहते.

उत्तर : अनामिक वाचक

वरील उत्तरातील तथ्ये मान्य असली, तरी गुप्तदानाची परंपरा इतक्या सहज बाजूला सारू नये. बाराव्या शतकातील ज्यू विचारवंत मायमोनिडीस यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. देणारा आणि घेणारा एकमेकांना अज्ञात असतात ते दान त्यांनी वरून दुसऱ्या पायरीवर ठेवले. कुराणातही उघड दान चांगले, पण गुपचूप गरिबाच्या हाती पोहोचवलेले अधिक चांगले, असे म्हटले आहे. दोन्हीकडे घेणाऱ्याचा विचार आहे: त्याला कोणापुढे मान खाली घालावी लागू नये. म्हणून ओळखीच्या गरजूला केलेली मदत, त्याचे छायाचित्र किंवा त्याची कहाणी कोणत्याही सबबीखाली प्रसिद्ध करू नये. येथे प्रेरणेचा युक्तिवाद मला अजिबात मान्य नाही. आपण संस्थेला देता आणि लाभार्थी आपल्याला ओळखतही नाही, त्यामुळे ही अडचण आपल्याला लागू होत नाही. उरतो तो अहंकाराचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर आपले आपणच देऊ शकता: लिहूनही कोणी कौतुक केले नाही, तर पुढच्या महिन्यात आपण तेवढेच द्याल का?

उत्तर : सुहृद

लिहावे की नाही याहून काय लिहावे हे मला महत्त्वाचे वाटते. रकमेऐवजी उत्पन्नाचे प्रमाण सांगणे इष्ट आहे, कारण मोठा आकडा कमी कमावणाऱ्याला संकोचात टाकतो. शिवाय लंडनच्या त्याच अभ्यासात लहान रकमेमुळे पुढच्या देणग्या खाली ओढल्या गेल्याचेही दिसले होते. ऑक्सफर्डमध्ये २००९ साली सुरू झालेली ‘गिव्हिंग व्हॉट वुई कॅन’ ही संस्था सदस्यांकडून उत्पन्नाच्या किमान १० टक्क्यांची जाहीर प्रतिज्ञा घेते, त्यामागे हाच सुज्ञपणा मला दिसतो. त्याबरोबर ही संस्था का निवडली, तिचे हिशेब कोठे पाहिले आणि कोणती शंका अजून उरली आहे, हेही लिहावे. वाचणाऱ्याला निवडीचे कष्ट वाचवून देणारा मजकूर बढाईसारखा वाटत नाही.

एकाच पोस्टवर विसंबू नये, हेही सांगतो. २०१४ मध्ये डोक्यावर बर्फाचे पाणी ओतून घेण्याच्या मोहिमेने अमेरिकेतील एएलएस असोसिएशनला सुमारे ११.५ कोटी डॉलर मिळवून दिले आणि त्यातून या मज्जातंतूंच्या आजारावर मोलाचे संशोधन झाले. पण पुढच्या वर्षी त्याच मोहिमेतून त्या मानाने अगदी किरकोळ रक्कम जमा झाली.

वाटसरू

सर्वांचा आभारी आहे. ‘मौनातूनही चुकीची माहिती पोहोचते’ हा मुद्दा मला निर्णायक वाटला. मी रक्कम न लिहिता प्रमाण आणि निवडीची कारणे लिहीन. एक शंका मात्र उरते: कोणी ‘हे सांगण्याची गरज काय’ असे विचारले, तर काय उत्तर द्यावे?

उत्तर : मृदुला

खरे कारण सांगावे. ‘तुम्हीही द्यावे अशी माझी इच्छा आहे’ हे वाक्य उच्चारणे अवघड जाते, म्हणून आपण दानाची केवळ बातमी देतो आणि मग ती बढाई वाटते. विनंती पहिल्याच ओळीत असू द्यावी.